आधी पाण्याची वाटणी: कोरड्या अरब प्रदेशातील जमीन आणि कबिले यांचा अभ्यास कसा करावा

ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या पट्ट्यात अशी असंख्य घरे आहेत की ज्यांतील कोणी ना कोणी मस्कत, दोहा, दमाम किंवा रियाधला नोकरी करून आलेले असते. तरीही त्या प्रदेशातील समाजाविषयी विचारले तर उत्तर बहुतेक वेळा तेल, उंट आणि शेख या तीन शब्दांपाशी थांबते. ठाण्यात रविवारी माझ्याकडे इतिहास-भूगोलाचे जे विद्यार्थी येतात, त्यांना हा विषय शिकवताना मी एक क्रम ठरवला आहे आणि तोच येथे मांडत आहे. प्रथम पाणी समजून घ्यावे, मग जमीन आणि सर्वांत शेवटी कबिला. बहुतेक जण नेमके उलट करतात. ते कबिल्यांची नावे आणि वंशावळी पाठ करू लागतात आणि पन्नास नावांनंतर त्यांना पुढे काय करायचे ते कळेनासे होते.

अभ्यासाला बसण्यापूर्वी शब्द नीट ठरवून घ्यावेत. अरबीतील ‘कबीला’ या शब्दासाठी ‘आदिवासी’ हा शब्द वापरू नये. आपल्या शहापूर-मुरबाडकडील आदिवासी समाजाचा इतिहास पूर्णपणे वेगळा आहे. अरब कबिल्यांपैकी कित्येकांच्या हाती शतकानुशतके सत्ता राहिली आहे आणि आज अरबी द्वीपकल्पातील अनेक राजघराणी कबिल्यांतूनच आलेली आहेत. ‘टोळी’ या शब्दाला लुटारूपणाचा वास येतो, म्हणून तोही टाळावा. ‘कबिला’ मात्र आपल्या ‘कुटुंबकबिला’ या जोडशब्दात आधीपासून बसलेला आहे, तोच घ्यावा. कबिल्याच्या आतील लहान गटांसाठी ‘भावकी’ इतका चपखल शब्द दुसरा नाही. असे आपल्या ओळखीचे अरबी शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत: हद्द, हक्क, हिस्सा, वक्फ, वकील, दलाल. खरीप आणि रब्बी हेसुद्धा अरबीतूनच आले आहेत. तिकडे ‘खरीफ’ म्हणजे शरद ऋतू आणि ‘रबी’ म्हणजे वसंत; पण ओमानच्या दक्षिणेकडील सलालाह परिसरात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळालाच खरीफ म्हणतात. ठाण्यात धो-धो कोसळणारे तेच वारे तिथल्या डोंगरउतारावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुके आणि झिमझिम घेऊन येतात.

यानंतर अरबी द्वीपकल्पाचा कोरा नकाशा घेऊन त्यावर पाऊस भरावा. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर मस्कत आणि रियाध येथे शंभरच्या आसपास. साधारण २०० ते २५० मिलिमीटरच्या खाली केवळ पावसावर धान्य पिकवणे भरवशाचे राहत नाही, म्हणून ती रेषा पेन्सिलीने ठळक करावी. येमेनच्या पश्चिमेकडील डोंगराळ भाग त्या रेषेच्या वर येतो. तेथे पायऱ्यापायऱ्यांची शेते आहेत आणि कबिल्यातील माणूस हा पिढ्यानपिढ्यांचा शेतकरी आहे. हाशिद आणि बकील हे येमेनच्या उत्तर भागातील मोठे कबिलासंघ प्रामुख्याने गावात राहून शेती करणाऱ्यांचे आहेत. कबिला म्हटले की उंट आणि तंबू ही समजूत येथेच सोडून द्यावी, कारण ती मनात ठेवून पुढे गेल्यास या समाजाचा निम्मा भाग दिसतच नाही.

आता पाण्याकडे वळू आणि येथे घाई करू नये. सुरुवातीला ओमानचे ‘फलज’, म्हणजे गावाला पाणी आणणारे जुने पाट घ्यावे, कारण त्यात वाटणीचे गणित उघड दिसते. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल विहीर खणून भूजल गाठतात. तिला ‘उम्म अल-फलज’, म्हणजे फलजची आई म्हणतात. तेथून अगदी मंद उताराचा बोगदा काढून पाणी कोणत्याही यंत्राविना गावापर्यंत आणतात आणि बोगद्याच्या वाटेवर ठिकठिकाणी उभ्या विवरांची रांग असते. ज्यांनी औरंगाबादची, मलिक अंबरच्या काळातील नहर पाहिली आहे त्यांना ही रचना चटकन समजते. सर्वच फलज असे भूमिगत नसतात, काही झऱ्यांवर तर काही वाद्यांमधील, म्हणजे कोरड्या नदीपात्रांतील, वरवरच्या प्रवाहावर चालतात. ओमानमध्ये सुमारे ३,००० फलज अजून वाहते आहेत आणि त्यांपैकी पाच २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत घेतले गेले. लोककथा सांगते की सुलेमान बिन दाऊद यांच्या आज्ञेवरून जिनांनी दहा दिवसांत दहा हजार फलज खणले, आणि भूमिगत फलजांचे ‘दाऊदी’ हे नाव त्याच कथेशी जोडले जाते.

फलजच्या पाण्याची वाटणी वेळेवर होते. एक ‘अथर’ म्हणजे साधारण अर्धा तास, त्यामुळे दिवस-रात्र मिळून ४८ अथर. पूर्वी दिवसा छायाकाठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून अथर मोजत. विद्यार्थ्यांकडून मी येथे एक उदाहरण हमखास सोडवून घेतो. पाण्याची फेरी दहा दिवसांची धरली तर एकूण ४८० अथर होतात. त्यांपैकी एका कुटुंबाचे ६ अथर असतील, तर त्याला दर दहा दिवसांनी तीन तास पाणी मिळेल. आता कर्ता पुरुष वारला, मागे दोन मुलगे आणि दोन मुली एवढेच वारस राहिले, तर इस्लामी वारसाहक्कानुसार मुलाला मुलीच्या दुप्पट म्हणून मुलग्यांना दोन-दोन आणि मुलींना एक-एक अथर येईल. ज्या मुलीचा वाटा दहा दिवसांतून अर्धा तास आहे, ती एवढ्या पाण्यात कोणती बाग जगवणार? हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः गणित करून विचारला की पुढचे सगळे आपोआप उलगडू लागते: हिस्से भाड्याने देणे, विकणे, भावांकडेच ठेवणे, चुलत घरात लग्न करून पाणी भावकीत राखण्याची चाल. मोठ्या फलजांवर पाण्याचा हिस्सा जमिनीपासून वेगळा विकता येतो, हे विशेष ठळकपणे लिहून ठेवावे. सातबाऱ्यावर वाढलेल्या आपल्या मनाला हे सहज पटत नाही.

फलजचा कारभारही वहीत उतरवावा. प्रमुखाला वकील म्हणतात, पाळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्याला अरीफ, आणि लिलाव पुकारणाऱ्याला दल्लाल. काही अथर मशिदीच्या वक्फचे असतात, काही फलजच्या दुरुस्तीसाठी राखलेले असतात. त्या पाण्याचा लिलाव होऊन आलेल्या पैशातून बोगद्यातील गाळ काढला जातो. धुळे-नाशिककडील फड पद्धती ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पाटकऱ्याचे काम आठवावे. तेथेही पाण्याची पाळी सांभाळणारा माणूस शेतकऱ्यांनी आपसात नेमलेला असतो आणि बंधाऱ्याची डागडुजी सर्वांच्या अंगावर असते. टंचाईच्या वर्षी काय करतात, हा प्रश्न कधीही गाळू नये. फलजवरील गावात खजुराच्या कायमच्या बागांना पाणी आधी मिळते आणि हंगामी पिकांचे क्षेत्र आवळले जाते, कारण गहू पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतो, पण वाळलेले झाड उभे करायला अनेक वर्षे लागतात.

फलजनंतर लगेच येमेनमधील पुराच्या पाण्याकडे जावे, म्हणजे तुलनेला जागा मिळते. तेथील वाद्यांमध्ये पाऊस पडल्यावर काही तासच लोंढा वाहतो आणि तो वळवून शेते भिजवतात. येथे वेळ मोजून उपयोग नसतो, कारण लोंढा कधी येणार हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून नियम जागेवरून ठरतो: वरच्या शेताचा हक्क आधी, मग खालच्याचा. पण वरच्याने किती अडवावे याला मर्यादा आहे. घोट्याइतके पाणी साचले की पुढे सोडावे, असा दंडक प्रेषित मुहम्मद यांनी मदिनेजवळील एका वादीच्या पाण्याबाबत दिल्याचे हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या परंपरेत येते. येथे पाणी जमिनीला चिकटलेले आहे, ओमानच्या मोठ्या फलजसारखे सुटे नाही. एकाच द्वीपकल्पात एकाच धर्माचे आणि एकाच भाषेचे लोक पाण्याच्या स्वरूपाप्रमाणे मालकीच्या दोन निराळ्या कल्पना बाळगतात, हे या विषयातील सर्वांत मोलाचे निरीक्षण आहे असे मला वाटते.

जमिनीचा भाग त्यानंतर तुलनेने लवकर आटोपतो. इस्लामी विधिपरंपरेत पडीक, कोणाच्याही ताब्यात नसलेल्या जमिनीला ‘मवात’, म्हणजे मृत म्हणतात. जो ती पाणी आणून जिवंत करील त्याचा तिच्यावर हक्क निर्माण होतो. विहिरीभोवती ‘हरीम’ नावाचा राखीव पट्टा असतो आणि त्यात दुसऱ्याने विहीर खणायची नसते. पाणी, चारा आणि अग्नी या तिन्हींत सर्वजण भागीदार आहेत, असेही एक हदीसवचन आहे. मात्र खणलेल्या विहिरीवर खणणाऱ्या भावकीचा पहिला हक्क मानला जातो आणि तहानलेल्या वाटसरूला कोणीही नाही म्हणत नाही. राखलेल्या कुरणाला ‘हिमा’ म्हणतात. आपल्या गायरानाशी त्याची तुलना करता येईल, परंतु हिमात कोणत्या महिन्यात कोणती जनावरे चरावीत याचे बंधन पुष्कळदा अधिक कडक असे. कबिल्याच्या संपूर्ण फिरतीच्या मुलखाला ‘दीरा’ म्हणतात. नकाशावर दीरा दाखवताना कुंपणासारखी रेषा काढू नये. आधी उन्हाळी विहिरी ठिपक्यांनी दाखवाव्यात आणि त्यांच्याभोवती पावसाप्रमाणे पसरणारा व आकसणारा प्रदेश पुसट छटेने रंगवावा. रब अल-खाली या दक्षिणेकडील मोठ्या वाळवंटाच्या कडेला फिरणारे अल-मुर्रा कबिल्याचे लोक उन्हाळ्यात विहिरींजवळ एकवटत आणि पाऊस पडला की शेकडो किलोमीटर दूर चाऱ्यामागे जात.

आता कबिला. एवढी तयारी झाल्यावर वंशावळ हाती घ्यावी आणि ती दस्तऐवजाप्रमाणे वाचावी. म्हणजे ती कोणाचा कोणता हक्क सांगते आहे, हे पाहावे. एक उदाहरण विद्यार्थ्यांना नेहमी उपयोगी पडते. मारिबचे प्रसिद्ध धरण फुटल्यामुळे अज्द कबिला येमेनमधून निघाला आणि त्याची एक शाखा ओमानला आली, अशी परंपरा आहे. धरणाचा शेवटचा विध्वंस सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, पण परंपरेतील स्थलांतर त्याच्या कितीतरी आधीचे मानले जाते. शिवाय ओमानच्या सीमेलगत, आज संयुक्त अरब अमिरातीत असलेल्या अल ऐनजवळील हिली येथे सापडलेले फलज लोहयुगातील, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणून परंपरा खोटी ठरवून टाकून देऊ नये. एका पाणीव्यवस्थेचा अंत आणि दुसऱ्या पाण्यावर नव्याने सांगितलेला हक्क ही दोन टोके ती एका कुळकथेत जोडते, हे ओळखावे. ओमानमध्ये अठराव्या शतकातील यादवीनंतर हिनावी आणि गाफिरी असे दोन मोठे गट पडले. तरीही दोन्ही गटांची घरे एकाच फलजवर पाणी घेत असलेली गावे होती. तेव्हा ‘हा कबिला कोणाचा शत्रू?’ याबरोबरच ‘यांचे पाणी कोणाबरोबर सामाईक आहे?’ हाही प्रश्न वहीत हवा.

शेवटी आधुनिक राज्य आणि यंत्र आल्यावर काय बदलले ते पाहावे. १९२२ च्या उकैर करारात नज्द (द्वीपकल्पाचा मध्यभाग, आजच्या सौदी अरेबियाचा गाभा) आणि इराक यांच्यामध्ये रेषा आखताना असे ठरले होते की सीमेजवळील विहिरी आणि पाणवठ्यांवर किल्ले बांधायचे नाहीत, कारण दोन्हीकडील कबिले तेच पाणी पीत होते. १९२७ मध्ये इराकने बुसय्या येथे पोलीस ठाणे बांधायला घेतले तेव्हा नज्दच्या मुतैर कबिल्यातील इख्वान या कट्टर धार्मिक योद्ध्यांनी त्यावर हल्ला केला. नुसत्या राजकीय नकाशावर ही घटना अकारण भासते, विहिरींच्या नकाशावर मात्र तिचे कारण लगेच दिसते. सौदी अरेबियाने १९५३ मध्ये कबिल्यांचे हिमाचे हक्क रद्द केले. कुरण सर्वांना खुले झाले, पण त्याला राखणारे कोणी उरले नाही. पुढे खोल नळविहिरींवर गहू पिकवून तो देश १९८० च्या दशकात स्वयंपूर्ण झाला. मात्र ते पाणी हजारो वर्षांपूर्वी साठलेले, पुन्हा न भरणारे होते. २००८ पासून सरकारने देशी गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने कमी केली आणि २०१६ मध्ये बंद केली. ज्याच्याकडे पंप घेण्याची ऐपत त्याच्याकडे पाणी, अशी स्थिती आली की अरीफच्या वहीला अर्थ राहत नाही. येमेनमध्ये सनाच्या परिसरात भूजल झपाट्याने खोल गेले, त्यामागे कात (चघळण्याच्या उत्तेजक पानांचे झाड, आपला विड्यातील कात नव्हे) याच्या लागवडीसाठी चाललेले पंप हे मोठे कारण आहे.

वाचनासाठी ठाण्याच्या १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात फड पद्धती आणि महाराष्ट्रातील जुन्या सिंचनाविषयीचे साहित्य आधी शोधावे. आपल्याकडील पाळ्यांचे गणित पक्के झाल्यावर परका प्रदेश सोपा जातो. घरातील कोणी ओमानमध्ये असेल, तर त्यांना सुट्टीच्या दिवशी निझवाजवळच्या फलज दारिसला किंवा बिरकत अल-मौझच्या फलज अल-खतमैनला जाऊन पाण्याच्या वाटेने वरून खाली चालत यायला सांगावे. पाणी प्रथम उघड्यावर येते त्या जागेला तिकडे ‘शरीआ’ म्हणतात. शरियत या शब्दाचा जुना अर्थही पाणवठ्याकडे नेणारी वाट असाच आहे. तेथे पिण्याचे पाणी कोणीही भरू शकतो आणि त्याला अथर लागत नाही. त्याखाली वुजू (नमाजापूर्वी हातपाय धुणे) आणि आंघोळीच्या जागा लागतात, मग खजुराच्या बागा आणि सर्वांत शेवटी हंगामी शेते. चालताना प्रत्येक टप्प्याचे एक छायाचित्र घ्यावे, पाट जिथे फुटतो तिथे पाणी कशाने अडवले आहे ते टिपावे, आणि कोणी वयस्कर माणूस भेटला तर त्याला त्याच्या कबिल्याचे नाव विचारण्याआधी त्याची पाळी कोणत्या दिवशी असते ते विचारावे.