दोन उड्डाणांच्या मधली फेरी : विमानाचे किरकोळ बाह्य नुकसान कसे तपासावे

विमान उतरून पुन्हा निघेपर्यंत जो थोडा वेळ मिळतो, त्यात वैमानिक किंवा देखभाल अभियंता विमानाभोवती एक फेरी मारतो. एखादे नुकसान धोकादायक आहे की नाही याचा निवाडा नजरेने करणे हे या फेरीचे काम नव्हे. मागच्या नोंदींत नसलेले नवे काय दिसते ते शोधणे आणि त्याची नोंद करणे, एवढेच तिचे काम. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी टेक्निकल लॉग (विमानातील बिघाड आणि दुरुस्त्यांची नोंदवही) आणि विमानावरील जुन्या पोच्यांचा, म्हणजे पत्र्यावरील खोलगट खुणांचा, नकाशा पाहून घ्यावा.

इंजिने बंद आहेत, लाल इशारादिवा विझला आहे आणि चाकांना अडसर लावले आहेत, याची खात्री झाल्यावरच जवळ जावे. नाकाच्या डाव्या बाजूपासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरावे आणि मध्येच कोणी हाक मारल्यास जिथे थांबलो त्याच्या थोडे मागून पुन्हा सुरुवात करावी. टॉर्च दिवसाही जवळ असावा, कारण पत्र्यावर समोरून प्रकाश टाकला तर उथळ पोचा दिसत नाही. तिरपा टाकला की त्याची सावली उमटते.

नाकाजवळ पिटो नळ्या (वेग मोजण्यासाठी समोरच्या हवेचा दाब घेणाऱ्या), स्टॅटिक पोर्ट (बाहेरच्या हवेचा दाब घेणारी लहान छिद्रे) आणि समोरून येणाऱ्या हवेच्या कोनाचे मापक आधी पाहावेत. स्टॅटिक पोर्टभोवतीचा पत्रा गुळगुळीत असावा लागतो, कारण तिथल्या लहानशा उंचसखलपणानेही उंचीचे मापन चुकू शकते. १९९६ साली पेरूमध्ये धुलाईच्या वेळी या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली आणि एरोपेरूच्या बोइंग ७५७ मधील सर्व ७० जणांचा मृत्यू झाला. उड्डाणापूर्वीच्या फेरीत ती पट्टी कोणाच्याही लक्षात आली नव्हती.

सर्वाधिक वेळ प्रवासी आणि मालाच्या दारांच्या आसपास द्यावा, असे माझे मत आहे. शिड्या, सामानाचे पट्टे आणि मालवाहू गाड्या तिथेच लागतात आणि पत्र्याला धक्का बसण्याची शक्यता तिथेच जास्त असते. २६ डिसेंबर २००५ रोजी सिएटलहून निघालेल्या एका एमडी-८३ प्रवासी विमानाला जमिनीवर असताना वाहनाचा धक्का बसला होता, पण तो कोणी कळवला नाही. सुमारे २६ हजार फुटांवर पत्रा फाटून केबिनमधील हवेचा दाब गेला. सुदैवाने विमान सुखरूप परतले. धक्का लागल्याचे सांगणाऱ्या कामगाराला दरडावले, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, हेही तपासणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पोच्याची खोली, रुंदी आणि जवळच्या रिव्हेटपासूनचे (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यापासूनचे) अंतर मोजावे. धडाच्या पत्र्यावर प्रत्येक उड्डाणात दाबाचा ताण येतो, त्यामुळे पसरट उथळ पोच्यापेक्षा टोकदार घडी किंवा खोल ओरखडा अधिक चिंतेचा असतो, कारण तडा अशाच ठिकाणी सुरू होतो. रंगाखाली धातू उघडा पडला आहे का हे पाहताना पोलादी वस्तूने खरवडू नये. काँपोझिटच्या (तंतू आणि राळ यांच्या थरांपासून बनवलेल्या पदार्थाच्या) भागात तर पृष्ठभाग जवळपास जसाच्या तसा दिसत असताना आतले थर सुटलेले असू शकतात. बोइंग ७८७ च्या रचनेचा वजनाने जवळपास निम्मा भाग काँपोझिटचा असल्यामुळे, धक्का बसल्याचे कळले आणि खूण दिसली नाही, तरी तो भाग ठोकून ऐकणे किंवा अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी आतले थर तपासणारी) चाचणी करणे यासाठी अधिकृत तंत्रज्ञाला बोलवावे.

वीज पडल्याच्या खुणा बहुधा नाकावर, पंखांच्या टोकांवर आणि शेपटीवर मिळतात : वितळलेले ठिपके, काळवंडलेली रिव्हेटची डोकी, तुटलेल्या स्थिरविद्युत-विसर्जक काड्या (विमानावर साठलेली वीज हवेत सोडणाऱ्या). इंजिनाच्या पात्यांच्या कडांवरील खाचा पाहताना पंखा वाऱ्याने फिरत नाही ना, याकडे लक्ष द्यावे. ब्रेक गरम असण्याची शक्यता असल्यास चाकांकडे पुढून किंवा मागून जावे, बाजूने नव्हे. टायरवरील काप आणि हायड्रॉलिक तेलाचे ओघळ तिथूनही दिसतात.

जे नवे आढळेल त्याची जागा फ्रेम आणि स्ट्रिंगरच्या (धडाच्या सांगाड्यातील आडव्या कड्या आणि लांबीच्या पट्ट्यांच्या) क्रमांकासह लिहावी, शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे आणि विमान अधिकृत अभियंत्याच्या निर्णयापर्यंत थांबवावे. स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलमधील (निर्मात्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील) मर्यादेत बसणारे नुकसान नोंद करून सोडता येते, काही तात्पुरत्या दुरुस्तीवर ठरावीक मुदतीसाठी उडू शकते. बाकीच्यांसाठी विमान जागेवरच राहते. निर्णय काहीही झाला, तरी पोच्यांच्या नकाशात ही नवी खूण त्याच दिवशी भरावी, नाहीतर पुढच्या स्थानकावरील अभियंत्याला तीच मोजमापे पुन्हा घ्यावी लागतात.