ड्रमशिवायचा बँड: हौशी ब्लूग्रास मंडळी कशी जमवायची

ब्लूग्रास या अमेरिकन संगीतप्रकारात ड्रम नसतो, आणि हौशी बँडच्या निम्म्या अडचणी इथूनच सुरू होतात. केंटकीचा बिल मन्रो १९३९ साली नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात आपल्या ‘ब्लू ग्रास बॉईज’ला घेऊन आला. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज तीन बोटांचा बँजो घेऊन त्यांना मिळाला, आणि मॅन्डोलिन, बँजो, गिटार, फिडल (म्हणजे आपलं व्हायोलिनच) आणि उभा बास असा पाच वाद्यांचा संच पक्का झाला. लयीचं काम या पाचांनी आपसात वाटून घेतलेलं असतं. हे वाटप नीट कळलं नाही, तर पाचही जण उत्तम वाजवणारे असूनही गाणं उभं राहत नाही.

वाटप असं असतं. १-२-३-४ मोजा. १ आणि ३ वर बास, २ आणि ४ वर मॅन्डोलिनचा ‘चॉप’ (सूर लगेच तोडलेला कोरडा ठोका). गिटार दोन्हीकडे असते: १ आणि ३ वर जाड तारेचा एकेक सूर, २ आणि ४ वर खालच्या बारीक तारांवर झटका. बँजोचे ‘रोल’ (बोटांनी सलग वाजवलेल्या सुरांच्या लडी) यातल्या फटी भरतात. फिडल लांब सूर धरते किंवा गप्प बसते. गप्प बसणं हेही वाजवण्यातच धरायचं.

बासवाल्याला फार काही करायचं नसतं. कॉर्डचा (म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीचा) सा १ वर, त्याचा पंचम ३ वर, बस. जी कॉर्ड असेल तर जी आणि डी. उभा बास महाग, शिवाय लहान गाडीत मावत नाही, म्हणून बऱ्याच हौशी गटांत इलेक्ट्रिक बास येतो. कर्मठ मंडळी नाक मुरडतील, पण चालतो. फक्त आवाज कमी ठेवा आणि तळहात तारांवर टेकवून सूर लगेच तोडा, नाहीतर तो पुढच्या चॉपवर सांडतो. अमेरिकेतल्या मराठी तबलजींना इथे एक सुचवणी: पारंपरिक जॅममध्ये (सगळ्यांनी जमून ऐनवेळी वाजवण्याच्या बैठकीत) तबला घेऊन जाऊ नका. २ आणि ४ ची जागा मॅन्डोलिनने आधीच घेतलेली असते, तिथे दुसरा ठोका आला की दोन्ही मळमळीत होतात. त्यापेक्षा बास शिका. ज्याची लय पक्की आहे असा बासवाला कुठल्याही जॅमला हवाच असतो.

चॉप मात्र वेळ देऊन शिकायची गोष्ट आहे. मॅन्डोलिनला तारांच्या चार जोड्या असतात, फिडलसारख्याच जी-डी-ए-ई अशा लावलेल्या. चॉपमध्ये एकही जोडी मोकळी ठेवायची नसते, कारण मोकळी तार दाबता येत नाही आणि वाजतच राहते. जी कॉर्डचा पूर्ण चॉप जाड जोडीपासून ७-५-२-३ या फ्रेट्सवर (दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांवर). हात पुरत नसेल तर सगळ्यात जाड जोडी सोडून द्या, उरलेल्या तिघींवर ५-२-३ धरा. हीच पकड दोन फ्रेट पुढे सरकवली की ए कॉर्ड. आता मुख्य गोष्ट: प्लेक्ट्रमचा (तारा छेडायच्या चपट्या तुकड्याचा) फटका बसला की त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं सैल करायची, पण तारांवरून उचलायची नाहीत. सूर जन्मतो आणि तिथेच मरतो, ‘चक्’ असा आवाज येतो. उशिरा सोडलं तर कॉर्ड लांबते, लवकर सोडलं तर नुसता लाकडी खडखडाट. बोटं पूर्ण उचलली तर मोकळ्या तारा किणकिणतात.

गिटारवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे सहाही तारांवर सतत घासत राहणं. जी कॉर्डला १ वर सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार (तिसरा फ्रेट), २ वर झटका, ३ वर चौथी तार मोकळी, ४ वर झटका. सी ला आधी पाचवी तार तिसऱ्या फ्रेटवर, डी ला आधी चौथी मोकळी, मग पाचवी मोकळी. प्लेक्ट्रम एक मिलिमीटरपेक्षा जाड घ्या. पातळ प्लेक्ट्रम फडफडतो आणि जाड तारेचा सूर उठत नाही.

आता पट्टी. गाण्याची पट्टी गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरते, वाजवणाऱ्याच्या सोयीवर नाही. पेटीवर वाढलेल्यांसाठी: जी म्हणजे पांढरी पाच, ए म्हणजे पांढरी सहा, बी म्हणजे पांढरी सात, डी म्हणजे पांढरी दोन. उंच आवाजाचे पुरुष बऱ्याचदा बी किंवा काळी पाचमध्ये गातात. कॉर्ड मात्र अक्षरांनी पाठ करू नका, आकड्यांनी करा. जॅममध्ये ‘एक, चार, पाच’ असंच बोलतात, म्हणजे सा, म आणि प वर उभ्या राहणाऱ्या कॉर्ड. जी मध्ये त्या जी-सी-डी, ए मध्ये ए-डी-ई, बी मध्ये बी-ई-एफ शार्प. नवख्याला कळावं म्हणून कोणी बोटं वर करून चार किंवा पाच दाखवतं, तिकडे लक्ष ठेवा. बहुतेक गाणी या तिघांत संपतात. काही जुन्या धुनांमध्ये कोमल निषादावरची कॉर्ड येते. ‘ओल्ड जो क्लार्क’ ए मध्ये वाजवताना अचानक जी येते ती हीच.

गिटारला कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावला की काम सोपं: जी च्या पकडी ठेवून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो म्हणजे ए, चौथ्यावर बी. बँजोला भानगड जास्त. त्याची आखूड पाचवी तार कॅपोखाली येतच नाही, कारण ती पाचव्या फ्रेटपासून सुरू होते. म्हणून दांड्यावर बारीक खिळे ठोकलेले असतात. ए साठी तार सातव्या फ्रेटच्या खिळ्याखाली अडकवायची, बी साठी नवव्या. अडकवल्यावर ती थोडी चढते, म्हणून पुन्हा सुरात लावायलाच हवी. बँजो मोकळ्या तारेवर सुरात आणि वरच्या फ्रेटवर बेसूर असेल तर दोष बहुधा घोडीचा असतो, कारण ती फक्त तारांच्या दाबाने कातड्यावर उभी असते आणि सरकते. बाराव्या फ्रेटवर तारेला हलकं बोट टेकवून जो सूर मिळतो, तोच तार दाबूनही मिळायला हवा. दाबलेला चढा असेल तर घोडी शेपटाकडे सरकवा, उतरा असेल तर दांड्याकडे. एका वेळी एक मिलिमीटरहून कमी.

लय पळणं हा सार्वत्रिक आजार. मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिकणारं यंत्र) मिनिटाला ८० टिकांवर ठेवा, पण त्याची टिक १ वर नाही, २ आणि ४ वर पडते असं धरून वाजवा. सुरुवातीला डोकं फिरतं. जमलं की मेट्रोनोमच मॅन्डोलिनवाला होतो आणि कोण पळतंय ते लपत नाही. व्यावसायिक मंडळी याच मोजणीने १४० च्या पुढे जातात, पण त्या नादी लागू नका. जो सर्वांत हळू वाजवतो त्याला बोटं न अडखळता जमेल ती लय. तालमीत लय पळाली की सगळ्यांनी बासकडे बघायचं आणि बासने कोणाकडेच बघायचं नाही.

गाणं चालवतो तो गाणारा, किंवा ज्याने गाणं निवडलं तो. सुरू करण्याआधी त्याने तीन गोष्टी सांगायच्या: पट्टी, नेहमीपेक्षा वेगळी कॉर्ड असेल तर ती, आणि सुरुवात कोण करणार. साधारण रचना अशी: एक वाद्य चाल वाजवून सुरुवात करतं, मग कडवं, ध्रुवपद, कोणाचा तरी ‘ब्रेक’, पुन्हा कडवं. ब्रेक म्हणजे एकट्याने वाजवायची पाळी, कडव्याच्याच लांबीची. जॅममध्ये ती गोलाने फिरते. मान हलवून ‘नको’ म्हटलं तरी चालतं, पण ते वेळेवर म्हणा; आधीची पाळी संपल्यावर म्हटलंत तर मध्ये खड्डा पडतो. शेवटच्या ध्रुवपदाला चालवणारा एक पाय उचलतो, की समजायचं, इथे थांबायचं आहे. बिनशब्दांच्या धुना बहुतेक ए-ए-बी-बी अशा (इथे ए आणि बी म्हणजे धुनेचे दोन भाग, पट्ट्या नव्हेत), प्रत्येक भाग ८ मात्राखंडांचा, म्हणजे १-२-३-४ च्या आठ मोजण्यांचा. हिशोब चुकलात तर थांबू नका, बास कुठे आहे ते ऐकून पुढच्या भागाला पकडा.

दुसऱ्याच्या ब्रेकला काय वाजवायचं, यावर नवखे विचारच करत नाहीत. मॅन्डोलिन ब्रेक घेतं तेव्हा चॉप गायब होतो, मग बँजोने रोल सोडून २ आणि ४ वर तुटक कॉर्ड मारायच्या. गिटार सर्वांत दबक्या आवाजाची, तिच्या ब्रेकला बँजो जवळजवळ बंद आणि चॉप हलका. आणि गाणारा गात असताना ओळीच्या शेवटची रिकामी जागा भरायला एकच वाद्य. पहिलं कडवं फिडलचं, दुसरं बँजोचं, असं आधी वाटून घ्या.

ध्रुवपद तीन आवाजांत गातात. मुख्य गायक चाल गातो, टेनर त्याच्या वर, बॅरिटोन खाली. कॉर्ड एकची असताना चाल सा वर असेल तर टेनर ग वर आणि बॅरिटोन खालच्या प वर. चाल ग वर गेली तर टेनर प, बॅरिटोन सा. चाल प वर, तर टेनर वरचा सा, बॅरिटोन ग. कॉर्ड चारची झाली की हाच खेळ म-ध-सा मध्ये. आपल्याकडच्या गाणाऱ्यांची अडचण वेगळीच असते: गळ्यात मुरकी असते आणि ती आपोआप येते. मुख्य गायकाने ध्रुवपदात मुरकी घेतली की बाकी दोघे वाऱ्यावर. कडव्यात हवी तेवढी घ्या, ध्रुवपदात सरळ सूर, आणि तिघांनी शब्द एकाच क्षणी सोडायचा.

पहिल्या कार्यक्रमासाठी ४५ मिनिटांना १२ गाणी पुरतात. एकेक गाणं तीन मिनिटांच्या आसपास, उरलेला वेळ बोलण्यात आणि सूर लावण्यात जातो. तो वाचवायचा तर एका पट्टीची गाणी सलग लावा, म्हणजे कॅपो आणि बँजोचे खिळे सारखे हलवावे लागत नाहीत. एकच मायक्रोफोन मध्ये ठेवून त्याभोवती उभं राहण्याची जुनी पद्धत हौशींना सोयीची आहे, पण तिचीही तालीम करा. ब्रेकवाला पुढे येतो, गाणारा मागे सरकतो, बँजो एक पाऊल लांबच, बास सर्वांच्या मागे. कोण कोणाच्या डाव्या बाजूने जाणार हे ठरलेलं नसेल तर फिडलचा गज मॅन्डोलिनवाल्याच्या कानात जातो.