एलईडी क्यूब: एक थर लावला की शेजारचाही मिणमिणतो

८×८×८ चा क्यूब, आर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), ६४ उभ्या रांगांना आठ ७४एचसी५९५ (शिफ्ट रजिस्टर आयसी: एकेक बिट घेऊन आठ पिनांवर एकदम देतात), थर चालू-बंद करायला एनपीएन ट्रान्झिस्टर. एका वेळी एकच थर पेटतो. थर बदलला की आधीच्या थरात नव्या थराची नक्षी अंधुक दिसायची. सोल्डरिंग तपासलं, रेझिस्टर बदलले, प्रत्येक आयसीला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला (तो हवाच, पण हे त्याचं काम नव्हे). डोकं पिकलं.

शेवटी आठही आयसींची १३ नंबरची पिन, म्हणजे ओई (आउटपुट एनेबल: हाय केली की आयसीची आउटपुटं बंद, लो केली की चालू), ग्राउंडवरून सोडवून एकत्र नॅनोला जोडली. थर बदलताना क्रम असा: ओई हाय, चालू थर बंद, ६४ बिट पाठवा, लॅच (आलेले बिट आउटपुटवर आणा), पुढचा थर चालू, ओई लो. सॅच्युरेट झालेल्या (पूर्ण चालू असलेल्या) ट्रान्झिस्टरला बंद व्हायला क्षणभर लागतो. बिट जाईपर्यंत तेवढी उसंत मिळते. ओईवरून ५ व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टरही लावा, नाहीतर वीज देताच क्यूब वाटेल तसा पेटतो.