लोकलला पळतंय, लाइव्हला रिडायरेक्ट होत नाही?

फॉर्म सेव्ह झाला की माणसाला ‘धन्यवाद’च्या पानावर पाठवायचं, एवढंच काम. पीएचपीत हेडर फंक्शनमध्ये लोकेशन लिहायचं, हे तुम्हाला येतच असणार. मलाही येत होतं. तरी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या चौकशी फॉर्मपायी राजारामपुरीतल्या खोलीवर मी दोन रात्री जागून काढल्या. माझ्या लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (आपल्याच मशीनवर पीएचपी चालवणारा लोकल सर्व्हर) सगळं सुरळीत, सर्व्हरवर चढवलं की कोरं पान. मालक रिफ्रेश करायचे, ब्राउझर विचारेल त्याला ‘हो’ म्हणायचे, आणि एकच चौकशी चारदा नोंदवली जायची. हे आपल्याला जमणारं काम नाही, असंच वाटायला लागलं होतं.

एरर लॉगमध्ये होतं, ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’. मी रिडायरेक्टची ओळच उलटसुलट करत बसलो. त्याच एररमध्ये ‘आउटपुट स्टार्टेड ॲट’च्या पुढं दुसऱ्याच फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर होता. तो वाचा! दुखणं तिथं असतं. माझ्या कॉन्फिग फाइलच्या शेवटी पीएचपीचा क्लोजिंग टॅग (?>) होता आणि त्याखाली दोन एंटर. टॅगला चिकटलेला पहिला एंटर पीएचपी गिळून टाकतं, दुसरा मात्र आउटपुट म्हणून बाहेर पडतो. आधी हेडर, म्हणजे ब्राउझरसाठीच्या सूचना, मग पानाचा मजकूर, हा क्रम ठरलेला. एक रिकामी ओळ जरी निघून गेली, तरी तिच्याआधी हेडर गेलेले असतात. मग लोकेशन जोडणार कशाला? झॅम्पमध्ये आउटपुट बफरिंग, म्हणजे आउटपुट लगेच न पाठवता साठवून ठेवणं, ४०९६ बाइटचं असल्यामुळं तो एंटर अडून राहत होता. सर्व्हरवर ते बंद होतं.

नुसती पीएचपी असलेल्या फाइलला क्लोजिंग टॅग लावूच नका. फाइल यूटीएफ-८ मध्ये बॉमशिवाय सेव्ह करा, कारण बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीची खूण, तिचे तीन बाइट डोळ्यांना दिसत नाहीत, पण आउटपुट म्हणून जातात. ‘वर ओबी स्टार्ट टाक (म्हणजे तेच बफरिंग कोडमधून सुरू कर) आणि मोकळा हो’ म्हणणारे सीनियर भेटतील. मला ते अजिबात पटत नाही, चूक तिथंच राहते. शेजारी बसून एरर शेवटपर्यंत वाचायला लावणारा माणूस मिळाला, तर त्याला सोडू नका.

आणि हेडरनंतर एक्झिट, म्हणजे स्क्रिप्ट तिथंच थांबवणारी ओळ, हवंच. हेडर लिहिला म्हणून स्क्रिप्ट थांबत नाही. लॉगिन तपासून नुसतं रिडायरेक्ट केलंत, तर लॉगिन नसलेल्यासाठीही खालचा डिलीटचा कोड चालतो. इथं हयगय नको.

रिडायरेक्टचा प्रकार सांगणारा स्टेटस कोड नाही दिला तर ३०२ (तात्पुरतं रिडायरेक्ट) जातो, चालतंय. फॉर्मनंतर ३०३ (‘आता दुसरं पान बघ’) जास्त नेमका. ३०१ (कायमचं रिडायरेक्ट) तेवढा टाळा, ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि तुम्ही नंतर पत्ता बदललात तरी जुन्याच पानावर जातो.