उद्यमबागेच्या लोखंडातून कॅमेऱ्याची डॉली

डॉली, म्हणजे कॅमेरा ठेवून रुळांवर सरकवायची ट्रॉली, करायची तर आधी पाइप बघा, मग बाकीचं. ट्रॉली कितीही देखणी केली आणि पाइप वाकडा असला, तर शॉट हलणारच. मी बेळगावच्या वडगावात राहतो. लग्नाच्या शूटिंगवर पोट चालतं, उरलेल्या वेळात शॉर्टफिल्म. भाड्याची डॉली आमच्या बजेटात बसत नाही, पण उद्यमबाग ही कारखान्यांची वसाहत जवळ आहे. तिथं फाउंड्री आणि फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कापलेले तुकडे वजनावर मिळतात. कानडीत ‘एष्टु?’ (किती?) म्हणून भाव विचारला की घासाघीस जरा सोपी जाते.

पाऊण इंची एमएस (साध्या पोलादाचा) पाइप घ्या. वीस फुटी नग मधोमध कापला की दहा-दहा फुटांचे दोन रूळ झाले. घेताना एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत बघायचं, दुकानदार काहीही म्हणू दे. पाइपाला लांबीभर वेल्डिंगची शीर असते, ती जमिनीकडं फिरवून ठेवा. चाक तिच्यावर चढलं की चित्रात थरथर दिसते. पीव्हीसी स्वस्त आणि हलका खरा, पण आमच्या एप्रिलच्या उन्हात तो वाकतो.

चाकं म्हणजे 608 नंबरचं बेअरिंग. भोक 8 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 22, रुंदी 7. आठचा बोल्ट थेट बसतो, लेथवाल्याकडं जायला नको.

आता खरं काम, पहिल्या रुळावरची चाकं. 40 मिलिमीटरचा, 3 जाडीचा, दीड फूट लांब अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) घ्या आणि त्याची कोपऱ्याची कड खाली करून धरा, व्ही अक्षरासारखी. दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं पाडा, खालच्या कडेपासून 13 मिलिमीटरवर. समोरासमोर पाडू नका, इंचभर मागं-पुढं ठेवा, नाहीतर आत बोल्टची डोकी एकमेकांना अडतात. बोल्ट 35 लांबीचा, आतून बाहेर. बाहेर आधी एक नट आवळायचा, मग छोटा वॉशर, बेअरिंग, परत वॉशर आणि शेवटी नायलॉनवाला नट. तो पहिला नट गाळू नका. त्याच्याविना बेअरिंग पाइपावर सपाट न बसता नुसत्या कडेवर टेकतं. वॉशर बेअरिंगच्या आतल्या कड्यालाच टेकेल इतका लहान हवा. मोठा लावला की बाहेरचं कडं घासतं आणि चाक जड फिरतं.

अँगलच्या वर, प्लाय बसवायला, फक्त दोन टोकांना पट्ट्या वेल्ड करून घ्या, मधे पाना जायला जागा राहते. वेल्डिंग आधी, बेअरिंग नंतर. ठिणग्या आत गेल्या की बेअरिंग संपलं.

दुसऱ्या रुळावर असाच व्ही लावायचा मोह होतो. लावू नका. दोन पाइपांतलं अंतर सगळीकडं तंतोतंत राहत नाही आणि दोन्हीकडं पकड असली की ट्रॉली मधेच अडकते. तिथं पुढं-मागं एकेक अँगलचा तुकडा उभा लावा, खालच्या कडेपासून 10 मिलिमीटरवर भोक पाडून एकाच बोल्टवर तीन बेअरिंग शेजारी-शेजारी बसवा, मधे तसेच लहान वॉशर. त्यासाठी बोल्ट लांब लागेल. पाइप थोडा सरकला तरी चालतो. वर 18 मिलिमीटरचा प्लाय, दोन बाय अडीच फूट. दोन्ही बाजूंच्या उंचीत फरक पडेल, तो प्लायच्या पट्टीनं भरा आणि पाणसळ ठेवून बघा.

भात कापल्यावर येळ्ळूरकडच्या शेतात ट्रॅक टाकला तर काळी माती दबते. पाइपाखाली दर तीन फुटाला फळी, फळीखाली पाचर. रूळ लांबवायचा असेल तर आत घट्ट बसणारा लाकडी दांडका घालून जोडा, कडा कानसा, आणि दोन्ही रुळांचे जोड एका रेषेत येऊ देऊ नका.

ट्रायपॉडबरोबर वाळूची पिशवी ठेवाच. हलकी ट्रॉली प्रत्येक खडा कॅमेऱ्याला सांगते. ओढायला हात नको, नायलॉनची दोरी बांधा आणि सुरुवात अगदी सावकाश करा. कॅमेऱ्याजवळ काहीतरी असू द्या: आमच्या गल्लीतल्या मागावरचा ताणलेला ताणा, दाराचा खांब. नुसत्या लांबच्या डोंगरावर ट्रॅक फिरवलात तर डॉली वापरली हे कुणाला कळणार पण नाही.

लोखंडावर लोखंड म्हणजे आवाज येणार. संवादाचा टेक असेल तर आवाज वेगळा घ्या. बेअरिंगमध्ये तेल ओतू नका, धूळ चिकटते. पाइप मात्र काम झालं की तेलाच्या फडक्यानं पुसून माळ्यावर टाका, पावसाळ्यात अंगणात राहिला की गंजलाच.