मातीतून सरड्याचा जबडा काढताना: भारतागामा आणि चाळण-धुलाई

भारतागामा रेब्बनेन्सिस हा ज्युरासिक काळातला सरडा. तेलंगणातल्या रेब्बनाजवळच्या पैकासिगुडेम गावी, कोटा स्तरसमूहाच्या (एकावर एक साचलेल्या ज्युरासिक खडकथरांच्या) मातकट खडकातून त्याचे जबडे मिळाले आणि 2002 साली इव्हान्स, प्रसाद व मन्हास या संशोधकांनी त्याला नाव दिले. याच स्तरसमूहातून सिरोंचा तालुक्यात बारापासॉरस या डायनासोरची अवाढव्य हाडे निघाली. अशी हाडे आपण रानातून चालताना नजरेस पडतात, सरड्याचा जबडा दिसत नाही. तो काही मिलिमीटरचा असतो, म्हणून खडकच पोत्याने आणून धुवावा लागतो.

आधी जमीनमालकाची किंवा वनखात्याची परवानगी. प्रत्येक पोत्यात आणि पोत्यावरही थराचे वर्णन, जीपीएस आणि तारीख लिहा. चिठ्ठी हरवलेल्या पोत्यातला जबडा शास्त्राच्या कामाचा राहत नाही.

ढेकळे सुपारीएवढी फोडून उन्हात खडखडीत वाळवा. घाई नेमकी इथेच होते. आत ओल राहिली तर पुढे ढेकूळ फुटत नाही. वाळलेला माल बादलीत भरून बुडेल इतके पाणी घाला आणि रात्रभर ठेवा. तरी विरघळला नाही तर पुन्हा पूर्ण वाळवून काही तास रॉकेलमध्ये भिजवा, रॉकेल निथळून काढा, मग पाणी ओता. चिकणमाती भसाभसा सुटते. कोरड्या मातीत रॉकेल आत शिरते, ओल्या मातीत ते वरच राहते. हे काम उघड्यावर करा, जवळ विस्तव नको. चुनखडीने घट्ट झालेल्या गोळ्यांना 5 ते 10 टक्के ॲसेटिक आम्ल चालते. नंतर भरपूर पाण्याने दीर्घकाळ धुवा. हायड्रोक्लोरिक मात्र नको, ते हाडही खाते.

आता चाळण्या: वर 2 मिमी, मध्ये 1, खाली 0.5. चाळणी पाण्यात बुडवून हलकेच हलवा. हाताने चोळू नका, नळाची धार सोडू नका. जबडा मधोमध मोडतो आणि दात वेगळे होतात. सगळ्यात बारीक चाळणीतला गाळ टाकून देण्याचा मोह होतो, पण सुटे दात तिथेच असतात.

गाळ सावलीत वाळवून चिमूटभर घ्या आणि 10 ते 20 पट मोठे दाखवणाऱ्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली पसरा. ओल्या 00 नंबरच्या ब्रशच्या टोकाने कण उचला. चिमट्याने उचललेला जबडा एक तर तुटतो, नाही तर उडून हरवतो. तडकलेल्या हाडावर ॲसिटोनमधले पातळ पॅरालॉइड बी-72 (हाड घट्ट धरणारी राळ) एक थेंब पुरते.

ओळखताना दातांची बैठक बघा. भारतागामाचे मागचे दात जबड्याच्या कडेवर बसून हाडाशी एकजीव झालेले आहेत, पुढचे आतल्या भिंतीला टेकलेले. आपल्या बागेतल्या सरड्याच्या कुळातही हीच मांडणी दिसते. मात्र कडेवरचे दात दिसले की लगेच सरडा म्हणू नका. पैकासिगुडेमलाच रेब्बनासॉरस आणि गोदावरीसॉरस हे टुआटाराचे (न्यूझीलंडमधल्या, सरड्यासारख्या दिसणाऱ्या पण सरडा नसलेल्या प्राण्याचे) नातलग सापडले आहेत आणि त्यांचेही दात असेच बसतात. भारतागामाही त्याच गटातला असावा, अशी शंका काही संशोधकांनी घेतली आहे. त्यामुळे तुकड्यावर आधी फक्त ‘कडेवरच्या दातांचा जबडा’ एवढेच लिहा; नाव तुलना झाल्यावर.