नाताळची भेट: बरणीभर शेंगाचटणी

२५ डिसेंबरला मित्रांकडे केकच न्यायला हवा असं थोडंच आहे? केक त्यांच्याकडे ढीगभर येतात. आपण सोलापूरकर, शेंगाचटणी न्यावी.

पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच सालं काढा. गरम दाणे बरणीत गेले की वाफ धरते, चटणी लवकर खवट होते. १२-१५ लसूण पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, चमचाभर जिरं, चवीपुरतं मीठ. खलबत्ता असेल तर उत्तम; दाण्यांचं तेल सुटून चटणी ओलसर दिसेपर्यंत कुटायची. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, नाहीतर लगदा होतो (आमचा झालाय). पाण्याचा थेंबही नको.

जॅमच्या रिकाम्या बाटल्या धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. वरून चकचकीत कागद कशाला? सोलापुरी टॉवेलचा छोटा नॅपकिन गुंडाळून लाल दोऱ्याने बांधा. वेष्टणही वापरात येतं. सोबत दोन-चार कडक भाकरी दिल्या तर भेट भरगच्च दिसते. लहान मुलं असतील तर तिखट निम्मं करा. आणि देण्याआधी एवढं विचारा, घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना?